सव्वापट

या, सरकून बसा जरा जवळ. खांबाला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे द्या. बुवांची गाडी अजून फाट्यावरच आहे, मृदंगाला कणीक लावायची चाललीय आणि पेटीवाल्याचा सूर काही आज बसत नाही. तेवढ्या अवकाशात एक गोष्ट सांगतो. कीर्तनात शोभेल अशी नाही ती. तिला चाल नाही, ताल नाही. पण घडली याच सभामंडपात, त्या तुळईला तराजू टांगलाय ना, त्याच्याखाली.

मला कोनवडीत सगळे आबा तोलार म्हणतात. चाळीस वर्षं मी कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात तोलाईचं काम केलं. गुळाची ढेप, आम्ही तिला रवा म्हणतो, ती उचलली की माझे हात वजन सांगायचे, काटा मागाहून बोलायचा. दहा किलोचा रवा आणि नऊ किलो आठशेचा रवा यांतला फरक मला मनगटात कळायचा. निवृत्त झालो आणि विठोबाच्या दारातला तराजू सांभाळायला लागलो. दुसरं काही येतच नव्हतं मला.

आमच्या गावाची एक रीत आहे. मूल वर्षाचं झालं की सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी त्याची गूळतुला करायची, आणि ते तिसरं पुरं करीपर्यंत दर सप्ताहाला करायची. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गूळ. पण पारडी समोरासमोर आली म्हणून आम्ही थांबत नाही. बरोबरीचं ते माणसाचं. वरचा पाव हिस्सा देवाचा. दक्षिणा सव्वा, पेढे सव्वा, तसा गूळही सव्वापट. मूल दहा किलोचं असलं तर गूळ साडेबारा किलो. मग देवळाच्या वहीत मुलाचं नाव आणि त्यापुढे गुळाचा आकडा. ती वही मीच लिहायचो. मुलाचं वजन वेगळं लिहायचं कधी कुणाला सुचलं नाही, कारण वही गुळाची होती.

त्या वर्षी सप्ताह झाला आणि पंधरा दिवसांत ताप आला.

फ्लू नवा नव्हता, पण हे त्याचं रूप लहान मुलांच्या छातीत उतरायचं. त्याच्यावर औषध निघालं होतं, आणि चांगलं निघालं होतं. आवळे सिस्टरांनी मला एकदा ओट्यावर बसून ते समजावलं, तेच सांगतो. विषाणू आपल्या बळावर वाढत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो, तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यांत आपल्यासारखे हजार रांधतो. मग ते हजार बाहेर निघतात, पण निघताना दारालाच चिकटतात. सुटायला त्यांच्याकडे एक कात्री असते. औषध त्या कात्रीची धार घालवतं. बाहेरच पडता आलं नाही तर शेजारच्या घरात शिरणार कसे? म्हणून औषध पहिल्या दोन दिवसांत द्यायचं. त्यानंतर सगळे बाहेर पडलेले असतात, मग दाराशी बसून काय उपयोग.

नवं औषध जुन्यापेक्षा कितीतरी तिखट होतं. मोठ्या माणसाला थोडं इकडेतिकडे चालायचं. लहान मुलाच्या बाबतीत मात्र पुरेसं आणि फार या दोहोंमधली वाट अगदी अरुंद होती. औषध बाहेर टाकतात मूत्रपिंडं, आणि लहान्यांची ती अजून कोवळी. जास्त झालं की ते साठत जातं. आधी उलट्या, मग गुंगी, मग झटके. म्हणून सरकारने उपकेंद्राउपकेंद्रांत ते यंत्र ठेवलं. डेअरीतल्या दूध तपासायच्या कपाटाएवढं, पांढरं. मुलाच्या लघवीचा एक थेंब त्याला द्यायचा, मुलाचं नाव सांगायचं, की वजन बघून, मूत्रपिंडांचा हिशेब लावून प्रत्येक वेळचा डोस ते ताजा कालवायचं आणि सुईविना एका नळीत भरून द्यायचं. वर गोड आवाजात सांगायचं, मुलाला ताठ बसवा, आधी काही खाऊ घाला, गालाच्या आतून हळूहळू सोडा. गावाने त्याला नाव ठेवलं मापाडी. मला चिडवायचे, आबा, तुमचा जातभाई आला.

मापाडी आला तसे उपकेंद्रातले हाताचे वजनकाटे गेले, औषध मोजायच्या पिचकाऱ्या गेल्या. गरजच काय, म्हणाले. यंत्राला स्वतःचा एक पाळणा होता वजनाचा. पण तापाने चिडलेली पोरं त्यात हातपाय झाडायची, आकडा ठरायचाच नाही, आणि बाहेर रांग रस्त्यापर्यंत. मग वरून हुकूम आला, महिन्याभरातलं खात्रीच्या काट्यावरचं वजन असेल तर तेच भरा.

आवळे सिस्टर, शेवंता आवळे, सत्तावन्न वर्षांच्या, पाच गावं एकटीच्या अंगावर. हुकूम आला त्याच दिवशी देवळाच्या पायरीशी आल्या. देवळात कधी बसायच्या नाहीत, वेळच नसायचा. कीर्तन चालू असलं की पिशवी खांद्याला तशीच ठेवून त्या उजवीकडच्या खालच्या पायरीवर पाच मिनिटं उभ्या राहायच्या आणि निघायच्या. मला म्हणाल्या, आबा, तुमच्या तराजूला दरवर्षी सरकारी शिक्का असतो ना? मुलांची वजनं आहेत ना वहीत?

आहेत म्हणालो. चाळीस वर्षांत माझ्या तोलाबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता, मीही विचारला नाही. त्यांनी दोन रात्री पाठ टेकली नव्हती, मीही सप्ताहाच्या जागरणातून अजून सावरलो नव्हतो. मी वही उघडली आणि वाचत गेलो, त्या भरत गेल्या. एक्केचाळीस नावं. पुढे गुळाचे आकडे.

माझी नात भागीरथी. आम्ही भागू म्हणतो, माझ्या बायकोचं नाव ठेवलंय. दीड वर्षाची. तिचा बाप, माझा सर्जेराव, बंगळूरला कामाला. तापामुळे रस्ते बंद, तिकडेच अडकलेला. घरात मी, सूनबाई ऋतुजा आणि भागू. मंगळवारी भागूला ताप चढला, मंगळवारीच संध्याकाळी पहिली नळी मिळाली. ऋतुजा हिशेबी मुलगी. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, पाच दिवस, एक चुकवायची नाही, हे तिने दारावर खडूने लिहून ठेवलं.

बुधवारी दुपारी भागूने ओकायला सुरुवात केली. ऋतुजा म्हणाली तापानेच असेल. गुरुवारी सकाळच्या नळीनंतर ती झोपली ती दहा वाजले तरी उठेना. डोळे उघडायची, बघायची, पण बघणं कुणाकडे नसायचं. डाव्या हाताची बोटं मधूनच उडत होती. ताप मात्र उतरलेला. ऋतुजाने सर्जेरावाला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, मापाडी चुकत नाही, कोर्स मधेच सोडू नका, नाहीतर ताप उलटेल. ऋतुजा म्हणाली, मी तिला नेते दाखवायला.  मी म्हटलं, आण इकडे, मी घेतो.

आणि मी भागूला उचललं.

उंबऱ्यावरच थांबलो. हात बोलले. चाळीस वर्षांचे हात, ते कुणाला विचारून बोलत नाहीत. दहा किलो. एक रवा, ना वर ना खाली. ऋतुजाच्या हातात औषधाच्या नळीची रिकामी पुडी होती, तिच्यावर छापलेलं मी वाचलं. वजन साडेबारा. डोस सव्वासहा मिली. किलोमागे अर्धा, म्हणजे दहाला पाच व्हायला हवा होता.

दारातली ती सकाळ मला अजून दिसते. समोर कोंबड्या माती उकरत होत्या. माझ्या लक्षात आलं की मी देवाचा पाव हिस्सा लेकरांच्या तोंडात घातलाय.

ऋतुजाला सांगितलं. लपवलं नाही, एवढंच माझं पुण्य. तिने माझ्या हातांतून भागूला काढून घेतलं आणि पुढे चालायला लागली. मी वही काखेत मारून मागे.

आता खरं सांगतो, कारण विठोबाच्या दारात बसलोय. त्या वाटेवर माझ्या मनात आलं की फक्त भागूचं वजन दुरुस्त करून घ्यावं. बाकीच्यांचं सिस्टरांना हळूच सांगू, सवडीने. सप्ताहाच्या काल्याला बुवांनी साऱ्या गावादेखत माझा दाखला दिला होता, तोल असावा तर आबांसारखा. ते शब्द मी दोन आठवडे जिभेवर घोळवत होतो. ते सोडवेनात.

उपकेंद्राच्या ओट्यावर तीसेक बाया होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर पोर. सिस्टर यंत्राशेजारी उभ्यानेच बिस्कीट खात होत्या. ऋतुजा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, सिस्टर, आमच्या भागूला जरा पाळण्यात घालून बघता का परत? सिस्टरांनी भागूच्या पापण्या उघडून पाहिल्या, बोटं धरून पाहिली. का म्हणून विचारलं. मी वही काखेत आणखी घट्ट दाबली.

पारूबाई मगदूम खालच्या पायरीवर बसली होती, नातू मांडीवर, तोही पेंगत होता. ती म्हणाली, "आबांच्या तराजूला काय झालंय वं? मापाड्यावर माझा इस्वास न्हाई, आबांच्या तोलावर हाय, म्हणून तर पाजतोय आम्ही."

ते ऐकलं. मी ओट्यावर बसलो, वही उघडून सिस्टरांच्या पुढे धरली. म्हटलं, "हे पोरांचं वजन न्हाई, सिस्टर. गुळाचं हाय. पाव हिस्सा देवाचा त्यात. सगळ्यांच्याच."

कुणी ओरडलं नाही. ओरडायला अंगात काही उरलंच नव्हतं बायांच्या. पारूबाईने नातवाचं तोंड आपल्या हनुवटीशी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यापेक्षा शिवी बरी.

सिस्टरांनी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तिसऱ्यांदा लागला. बाईंनी सांगितलं, ज्यांना चढलंय त्यांचा संध्याकाळचा डोस गाळा, पाणी पाजत राहा, लघवी होतेय का बघा, उद्या सकाळपासून खऱ्या वजनाने अंगाला लागेल तेवढाच द्या. ज्यांना झटके येतायत म्हणता ती दोन पोरं गाडीत घालून माझ्याकडे धाडा. गाळलेला डोस मागाहून जोडून देऊ नका. हे सगळं ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, वजनांत घोळ आहे म्हणून वर कळवा; मापाडी कुलूपबंद होईल, जिल्ह्याचं पथक येऊन तपासेल, दोन-तीन दिवस लागतील.

सिस्टरांनी ओट्यावर नजर टाकली. नव्याने तापलेली अकरा पोरं होती त्यात, कुणाचा पहिला दिवस, कुणाचा दुसरा. दोन-तीन दिवसांनी त्या औषधाचं काय करायचं होतं, दाराशी बसवायचं होतं?

त्यांनी वर कळवलं. कळवायलाच हवं होतं. मापाड्यावरचा हिरवा दिवा लाल झाला आणि गोड आवाजाने सांगितलं की सेवा तात्पुरती थांबली आहे. मग सिस्टरांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून दोन पिचकाऱ्या काढल्या, त्या शिकत होत्या तेव्हापासूनच्या जपलेल्या, घासून आकडे पुसट झालेल्या. दुसरं काढलं ते पकड. यंत्राच्या मागच्या दाराचं सील त्यांनी तोडलं. आत भुकटीच्या बाटल्या होत्या.

मी खाली मान घालून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आबा, रडायचं ते परवा रडा. तराजू आणा."

तराजू काढला. या तुळईवरून उतरवून उपकेंद्राच्या ओट्याच्या आढ्याला टांगला. गुळाऐवजी लोखंडी वजनं. पोराचे कपडे काढायचे, करगोटा, वाळे, काळे मणी, सगळं उतरवायचं, पारड्यात मऊ धडपं अंथरायचं आणि ते धडपं आधी तोलून वजा करायचं. आया पोराला धरून ठेवायच्या; मी म्हणायचो सोड, एक क्षण सोड. काटा समोर आला की थांबायचं. तिथेच थांबायचं. तुम्हाला हसू येईल, पण पहिल्या दहा-पंधरा पोरांना माझा हात आपोआप वरच्या वजनाकडे जायचा. सिस्टर बघायच्या, आणि मी तो मागे घ्यायचो.

त्या पाणी उकळून निववायच्या, बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरायच्या, खूप हलवायच्या, कारण भुकटी तळाला बसली तर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला विष. मग प्रत्येकीच्या हातात पिचकारी देऊन तिलाच भरायला लावायच्या, रेघ दाखवून. दर डोसाला इथेच या, घरी चमच्याने देऊ नका, घरातला चमचा कुणाचा लहान कुणाचा मोठा. थोरल्याचं उरलेलं धाकट्याला पाजू नका. ओकलं तर लगेच दुसरं घालू नका, मला विचारा. एकेका बाईला तीनतीनदा सांगायच्या. त्यांचा आवाज बसला तेव्हा ऋतुजा सांगायला लागली, भागूला खांद्यावर टाकून. माझ्याकडे न बघता.

दोन दिवस चाललं ते. गावातली, मग शेजारच्या दोन वाड्यांवरची पोरं. माझे हात रव्यांनी कधी दुखले नव्हते, त्या दोन दिवसांत खांद्यापासून गळून गेले. मधे कधीतरी सिस्टर भिंतीला टेकून उभ्या उभ्याच झोपल्या, हातात बाटली तशीच, हलवायची राहिलेली. पारूबाईने ती हळूच काढून घेतली आणि स्वतः हलवत बसली.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ऋतुजाने दारावरच्या खडूच्या रेघेवर फुली मारली, डोस गाळला. त्याआधी साडेपाचला भागूने तिचा पदर ओढला होता. प्यायला मागितलं. साधं पाणी. ऋतुजा तिला वाटीने पाणी पाजत होती आणि मी परसात उभा राहून ऐकत होतो, कारण आत जायची मला हिंमत नव्हती.

तालुक्याला नेलेली दोन्ही पोरं परत आली. त्यातलं एक पारूबाईचा नातू. पांडुरंगाची कृपा म्हणतो मी, पण म्हणताना आता जीभ अडखळते. त्याने कृपा केली हे खरंच; पण त्याने पाव हिस्सा कधी मागितला होता का, हे मला कुणी सांगत नाही. बुवांनाही विचारलं. ते वीणा पुसत म्हणाले, आबा, आपण प्रेमाने घातलं, पण नाव त्याचं घातलं, हेच चुकलं असेल.

पथक आलं ते तिसऱ्या दिवशी. माझा जबाब दोन ओळींत आटोपला. देवळाच्या वहीला कायदा लागत नाही. सिस्टरांचा जबाब तीन तास चालला. सील तोडलं का? तोडलं. यंत्राशिवाय हाताने डोस दिले का? दिले. वजनाची नोंद न पडताळता भरली का? भरली. मी मधे म्हणालो, वाचून मी दाखवली होती. साहेब म्हणाले, सही कुणाची आहे? सिस्टर म्हणाल्या, माझी.

अकरा पोरं वेळेत औषध मिळून बरी झाली, ते त्या कागदात कुठल्याच रकान्यात बसेना.

त्यांची बदली झाली सीमेकडच्या कुठल्याशा उपकेंद्रावर, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली असताना. सकाळच्या गाडीने गेल्या. मी फाट्यावर पोचेपर्यंत गाडी निघाली होती. कंडक्टर सांगत होता, बाई बसल्याबरोबर झोपल्या, तिकीट काढायला उठवावं लागलं. पत्र्याची पेटी मांडीवर होती. त्यानंतर पत्ता लागला नाही. मी दोन पत्रं धाडली, परत आली.

ऋतुजा वर्षभर भागूला माझ्याकडे देत नव्हती. म्हणजे खेळायला द्यायची, पण औषध, जेवण, काही नाही. मी मागितलंही नाही. परवा सप्ताहाच्या दिवशी या तराजूपाशी तिने भागूला माझ्या हातांवर ठेवलं आणि म्हणाली, "सांगा आबा, किती?"

मी म्हटलं, अकरा, वर थोडं.

तिने भागूला पारड्यात बसवून पाहिलं. अकरा किलो शंभर. पाहिलंच तिने. बरं केलं. आता आमच्याकडे मुलाचं वजन वेगळ्या वहीत लिहितात, काटा समोर आला तिथलं, आणि ती वही ऋतुजा लिहिते. देवाचा पाव हिस्सा वेगळ्या थाळीत. तिचा आकडा कुणी लिहीत नाही.

ऐका, टाळ वाजला. बुवा आले वाटतं. मला उठवा जरा हात देऊन, गुडघे गेलेत. जाता जाता एवढं मागणं आहे. कीर्तनाला याल तेव्हा ती उजवीकडची खालची पायरी मोकळी ठेवा, तिथे कुणी चपला काढू नका. आणि कधी घरात लेकराला ताप आला, औषध मोजायला बसलात, आधी त्याला तोललंत, पिचकारीची रेघ उजेडात धरून बघितलीत, की एकदा मनात शेवंता आवळ्यांचं नाव घ्या. कुठे असतील तिथे, पाच मिनिटं टेकल्या असतील तर त्यांना कुणी उठवू नये, एवढं म्हणा.